माझी तार कपाटापर्यंत

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, पोटावर गोल तबकडी असलेला. मला उचलून कुणी पळायचं म्हटलं तर दारापर्यंत पोचेस्तोवर त्याचा हात भरून येईल. आणि पळवून करणार तरी काय? माझी तार जगात कुठेच जात नव्हती. भिंतीतल्या भोकातून निघायची, जिन्याखालच्या कपाटात शिरायची आणि तिथे माझ्यासारख्याच दुसऱ्या फोनला जाऊन मिळायची. बस, संपलं. पण एवढ्याशा तारेवरून मी अंतराळवीराशी बोलणं लावून दिलंय, दातदुखीनं हैराण झालेल्या मगरीला डॉक्टर मिळवून दिलाय, आणि एकदा चक्क हत्ती मागवलाय. हत्ती आला होता. ते सांगतोच.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका आमच्या तबकड्या फिरवून बघायच्या. माझ्या वाट्याला आलेल्या बाईंनी शून्यात बोट घातलं, तबकडी पार शेवटपर्यंत ओढली आणि सोडली. ती घर्रर्र करत जागेवर आली, तशा त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, घसा साफ करून बोलणारा आहे." तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा जरा गर्वच आहे. आहे तर आहे.

पहिली नोकरी हॉटेलात, स्वागताच्या टेबलावर. तिथे माझं शिक्षण झालं. "साहेब आत्ताच बाहेर पडले" असं साहेब स्वतःच माझ्या तोंडात बोलायचे. "खोलीतून समुद्र दिसतो" असं सांगितलं जायचं, आणि तो दिसायचा, फक्त खिडकीतून कमरेइतकं बाहेर वाकावं लागायचं. माणसं बोलतात एक आणि त्यांना हवं असतं दुसरंच, हे मी तिथे शिकलो. पुढे बटणांचे फोन आले. मला आधी टेबलाखाली ठेवलं, मग माळ्यावर, मग भंगारच्या दुकानात. माझ्या एका बाजूला चाक नसलेली सायकल, दुसऱ्या बाजूला बुडाला भोक पडलेली किटली. येणारे-जाणारे माझी तबकडी एकदा गरकन फिरवायचे, हसायचे आणि निघून जायचे. विकत घ्यायचं कुणाच्या मनात नसायचं. हात मात्र सगळ्यांना लावायचा असायचा.

मग एक दिवस गडबड सर आले. म्हणजे तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. पोट सुटलेला, केस विस्कटलेला, डोळे मात्र इयत्ता चौथीतले, असा एक माणूस दुकानात शिरला. त्यानं माझा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "हॅलो, भंगारचं दुकान का? तुमच्याकडे एखादा जुना फोन आहे का हो?"

दुकानदारही काही कमी नव्हता. गल्ल्यावरून मान न उचलता म्हणाला, "आहे. तुमच्याच हातात आहे."

"मग ठेवा बाजूला, मी आलोच," असं म्हणून त्यानं मला खाली ठेवलं, दुकानाबाहेर गेला, वळला आणि पुन्हा आत आला. "मघाशी फोन केला होता तो मीच," तो म्हणाला. त्या क्षणी मी ओळखलं, आपलं माणूस भेटलं.

सरांनी मला नेलं ते एका शाळेत. सुट्टीत ती इमारत रिकामी असायची, आणि तिथे दर उन्हाळ्यात इंग्रजीचं शिबिर भरायचं. शिबिराच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला, तरी दिवसभर शोधायच्या. मला मोठ्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर बसवलं. भिंतीपलीकडे जिन्याखालचं कपाट, त्यात माझा जोडीदार. आणि मुलांना नियम सांगितला. या फोनवरून इंग्रजीत जे मागाल, आणि पलीकडून ज्याला हो म्हटलं जाईल, ते येणार.

कपाटात अर्थातच एखादा शिक्षक पाय दुमडून बसलेला असायचा. मुलांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण शिक्षक आपला नियम असा काही पाळायचे की माहीत असून नसून सारखंच. एका मुलानं न्याहारीला हत्ती मागवला. दुसऱ्या दिवशी सकाळी करड्या चादरीखाली चार शिक्षक, पुढे झाडलोट करायच्या यंत्राचा नळा सोंड म्हणून लावलेला, असा हत्ती दारातून आत आला. दारात अडकला, मागचे दोन पाय पुढच्या दोघांवर चिडले, पण आला. एकीनं बर्फ मागितला, तर ऑफिसातली कागदाला भोकं पाडायची सगळी यंत्रं कामाला लागली आणि दुपारी वरच्या गॅलरीतून पांढऱ्या टिकल्यांचा बर्फ पडला. एकानं लबाडी करून "छोट्या बाई" मागवल्या. मोठ्या बाई संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर चालल्या. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांना मलम लागलं, पण शब्द फिरवला नाही.

मित्रांनो, शाळेच्या वहीत तुम्ही इंग्रजीत हत्ती लिहिला तर बरोबरची खूण मिळते. इथे हत्ती मिळायचा. फरक एवढाच होता.

गडबड सरांची आणखी एक खोड होती. कपाटात त्यांची पाळी असली की ते लगेच काही द्यायचे नाहीत. आधी म्हणायचे, "प्लीज होल्ड द लाइन," आणि मग नाकातून असा काही सूर लावायचे की माझ्या तारेला मुंग्या याव्यात. मूल बिचारं रिसीव्हर धरून उभं. काही मुलं ठेवून द्यायची, काही हसायची, काही सोबत गुणगुणायची. बऱ्याच वेळानं सर यायचे आणि वर तीन प्रश्न विचारायचे: केवढं हवं, कुठे आणू, नक्की हेच ना? उत्तरं मिळाली की मग कुठे होकार.

अशी बरीच वर्षं मजेत गेली. मग एका उन्हाळ्यात इस्त्रीबाई आल्या.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. साडीला सुरकुती नाही, केसाचा एक तंतू इकडचा तिकडे नाही, आणि वाक्यसुद्धा आधी मनात इस्त्री करून मगच बाहेर. बाई हुशार होत्या, मेहनती होत्या, पण त्यांना चूक ऐकू आली की राहवायचंच नाही. मुलानं "मला तहान" एवढं म्हणेपर्यंत बाई त्याला तीनदा थांबवायच्या. शेवटी मूल तसंच तहानलेलं, पण वाक्य एकदम सरळ. आठवडाभरात त्यांच्या गटातली पोरं फोनजवळ यायची बंद झाली. एवढी परीक्षा देऊन हत्ती कोण मागवणार?

"तुम्ही ते गुणगुणणं का करता हो?" बाईंनी एकदा गडबड सरांना विचारलं. मुलं घरी गेली होती आणि शिक्षक माझ्या टेबलाभोवती चहा घेत बसले होते. "केवढा वेळ जातो मुलांचा."

"जग काय लगेच फोन घेतं का, बाई?" सर म्हणाले. "थांबायची सवय नको?"

"ते बेसूर असतं म्हणून विचारलं."

"जग सुरात थांबवतं असं कोण म्हणालं?"

बाईंनी कप खाली ठेवला, बशीच्या बरोबर मध्यभागी.

इस्त्रीबाईंच्याच गटात एक मुलगी होती. बारीक, ताठ आणि कुठेही टोचणारी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्या मुलांना विचारलं होतं, इंग्रजी कशाला शिकायचंय? कुणी म्हणालं परीक्षेला, कुणी म्हणालं आई म्हणते म्हणून. टाचणी म्हणाली, "मला एक फोन करायचाय."

"कुणाला गं?"

"ते नंतर."

टाचणी मावशीकडे राहायची. तिचे बाबा लांबच्या एका जहाजावर आचारी होते. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, आणि आता बरेच रविवार आला नव्हता. मावशीनं जहाजाच्या कंपनीला फोन लावून बघितला होता, पण तिथे इंग्रजीशिवाय बोलणं नाही आणि मावशीचं इंग्रजी "हॅलो"च्या पुढे जात नव्हतं. हे सगळं मला कसं कळलं? टाचणी दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाला टेकून डबा खायची आणि मैत्रिणीला सांगायची. माणसं फोनसमोर काहीही बोलतात, रिसीव्हर ठेवलेला असला की आपण बहिरे झालो असं त्यांना वाटतं.

आता बघा, ही पोरगी किती पक्की. तिनं पहिल्याच दिवशी बाबांची मागणी केली नाही. तिनं आधी माझी परीक्षा घेतली. एक पेन्सिल मागवली. आली. पिवळी छत्री मागवली. आली. मग एक पाय आखूड असलेली खुर्ची मागवली, उगाच, बघायला. ती पण आली, त्यासाठी मोठ्या बाईंनी एका चांगल्या खुर्चीचा पाय कापायला लावला. तेव्हा टाचणीची खात्री पटली की या फोनवर शब्दाला किंमत आहे. नंतर ती वाट बघत राहिली ती अशा दिवसाची, की कपाटात गडबड सर नसतील. सर उलटे प्रश्न विचारतात आणि गोष्ट उलगडून घेतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटच्या आठवड्यात तो दिवस आला. कपाटात पहिल्यांदाच इस्त्रीबाई बसल्या होत्या, साडीखाली वर्तमानपत्र अंथरून. टाचणीनं मला उचललं, श्वास घेतला आणि इंग्रजीत म्हणाली की मला माझ्या वडिलांशी बोलायचंय, कृपया.

मित्रांनो, ते वाक्य असं सरळ, असं स्वच्छ, जागच्या जागी सगळं असलेलं, की मी माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या छोट्या तोंडातून तसं ऐकलं नव्हतं. तारेच्या पलीकडे बाईंचा श्वास आनंदानं वर गेला. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते वाक्य अखेर आलं होतं. बाईंना वाक्य ऐकू आलं. त्यातले वडील ऐकू आले नाहीत. "जरूर, मॅडम," त्या खुशीत म्हणाल्या, "उद्या चार वाजता."

टाचणीनं रिसीव्हर ठेवला, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि उड्या मारत घरी गेली.

संध्याकाळी चहाला बाई सगळ्यांना सांगत होत्या, "एक चूक नाही हो, एकसुद्धा नाही."

"काय मागितलं तिनं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वडिलांशी बोलायचंय म्हणाली, आणि मी..." बाई तिथेच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"होकार दिलात?" गडबड सरांनी हळूच विचारलं.

"उद्या चार वाजता म्हणाले." बाईंचा आवाज पार चुरगळला होता. "मी ऐकलंच नाही ती काय म्हणतेय ते. नुसतं कसं म्हणतेय तेच ऐकत राहिले."

एक चित्रकलेचे सर होते, ते म्हणाले, "त्यात काय, गडबड सर कुणाचाही आवाज काढतात. दोन वाक्यं बोला कपाटातून. पोरगी खूश होईल."

मला वाटलं होतं, सर लगेच तयार होतील. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय? पण ते उठून खिडकीशी गेले. "वाघाचा आवाज काढतो," ते म्हणाले. "स्टेशनमास्तरचा काढतो, मगरीचा काढतो. बापाचा नाही काढणार."

"ती खेळच समजेल की."

"ती खेळत नाहीये. आज एवढ्या खोलीत खेळत नव्हती ती एकटीच."

मोठ्या बाईंनी चष्मा शोधला, सापडला, लावला आणि टाचणीच्या मावशीला बोलावणं पाठवलं. मावशी शिवणकाम करायच्या, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच ठेवून आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "वाईट काही असतं तर कंपनीनंच कळवलं असतं हो बाई, तेवढं मला कळतं. पण पोरीला कसं समजवायचं? मी किती वेळा फोन केला. कुणीतरी काहीतरी बोलतं, मग गाणं लागतं. म्हणजे कट झाला. मग मी ठेवून देते."

गडबड सर आणि इस्त्रीबाई, दोघांनी एकाच वेळी मान वर केली.

"गाणं लागतं?" इस्त्रीबाई म्हणाल्या.

"हो ना. चांगलं असतं तसं. पण आपल्याला काय गाणी ऐकायचीत?"

सरांनी फक्त बाईंकडे बघून नाकातून, अगदी हळू, दोन सूर काढले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी लावते फोन उद्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांचंच आहे," गडबड सर म्हणाले. "म्हणून तर तिचं तिला करू द्या. ती त्यासाठीच आलीय इथे. आपण केला तर आपण तिला उन्हाळाभर खोटा फोन दिला आणि खरा आला तेव्हा काढून घेतला."

"आणि अडखळली तर? मध्येच रडायला लागली तर?"

"तर मी कपाटात असेन," इस्त्रीबाई म्हणाल्या. "दोन्ही फोन एकाच तारेवर राहतील ना? मी ऐकत राहीन. गरज पडली तर बोलेन."

"गरज पडली तरच," सर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की पुढचं बोलणं सरांनी गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं मला उलटंपालटं करून बघितलं. "हे अजून चालतं?" तो म्हणाला. मी मनात म्हटलं, तूच सांग. त्यानं ऑफिसातल्या खऱ्या फोनची लाइन ओढून माझ्यापर्यंत आणली, दोन स्क्रू पिळले, आणि मित्रांनो, काय सांगू, माझ्या पोटात एकदम एक लांब, सलग, गुंजणारा सूर भरला. कित्येक वर्षांनी. हॉटेल सोडल्यापासून मी तो ऐकला नव्हता. कपाटासोबत आता माझ्या पलीकडे अख्खं जग होतं, आणि ते जागं होतं.

चार वाजता टाचणी आली. केस विंचरलेले, नवा फ्रॉक. मोठ्या बाई तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या, त्याच एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर, आणि डुगडुगत तिला सरळ सांगून टाकलं. आम्ही तुला शब्द दिला तो आमच्या हातातला नव्हता. बाबा या फोनवर नाहीत. पण हा फोन आता खरा आहे, आणि हा बाबांच्या कंपनीचा नंबर. तू विचार, आम्ही सगळे इथे आहोत.

टाचणीनं मान खाली घातली. मला वाटलं आता रडते.

"कपाटात तुम्ही असता हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाबा कपाटात मावणार नाहीत हे पण माहीत होतं. पण तुम्ही आणता ना सगळं. म्हणून म्हटलं."

मग तिनं विचारलं, "खरंच लागतो हा?"

"उचलून बघ," गडबड सर म्हणाले.

तिनं उचललं. तो सूर ऐकला. आणि बोट तबकडीत घातलं. नंबर लांबलचक, त्यात नऊ आणि शून्य भरपूर. प्रत्येकाला माझी तबकडी सबंध फिरून घर्रर्र करत परत येणार. सगळे श्वास रोखून उभे, आणि मी आपला घसा साफ करत माझ्या गतीनं चाललेलो. मला घाई करता येत नाही हो.

पलीकडे एका माणसानं उचललं. त्याचंही इंग्रजी कुठल्यातरी दुसऱ्याच भाषेच्या कडेनं चाललेलं, लंगडत. मी ते तुम्हाला आपल्या बोलीत सांगतो. टाचणी म्हणाली, "माझे बाबा तुमच्या जहाजावर जेवण करतात. म्हणजे बनवतात." तिनं जहाजाचं नाव सांगितलं. वाक्य वाकडं गेलं होतं. कपाटात इस्त्रीबाईंनी श्वास आत ओढला. मी वाट बघितली. बाईंनी तो श्वास तसाच धरून ठेवला.

"प्लीज होल्ड द लाइन," पलीकडचा माणूस म्हणाला आणि गाणं लागलं.

रिसीव्हरमधून ते बाहेर झिरपलं. "बघ, झालं," मावशी म्हणाल्या. "कट झाला. ठेव आता."

टाचणीनं मावशीकडे न बघता हाताचा पंजा वर केला. "कट नाही गं. होल्ड आहे."

गाणं सुरूच. पियानोचं काहीतरी, टिणटिण, एका जागी येऊन अडकणारं आणि पुन्हा पहिल्यापासून. टाचणी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली, कानाला घाम आला तेव्हा कान बदलला. गडबड सर छताकडे बघत उभे होते, यात आपलं जणू काही श्रेयच नाही असा चेहरा करून. गाणं संपायचं नाव घेईना. मावशीनं टेप बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. टाचणी थांबली होती. तिला थांबता येत होतं.

माणूस परत आला. जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, घरी फोन करायचं यंत्र बिघडलंय, कामापुरता रेडिओ चालतोय. "सगळे बरे," तो म्हणाला. "आचारी तर बराच असणार. आचाऱ्याला काही झालं असतं तर बाकीच्यांनी रेडिओवर नुसता आरडाओरडा केला असता."

टाचणीचे खांदे खाली आले. पण तिनं फोन ठेवला नाही. तिनं सरांचे प्रश्न काढले. "कधी बोलतील? कुठून? नक्की?"

माणूस हसला. शनिवारी माणसं किनाऱ्यावर उतरतील, तो निरोप रेडिओवर देईल, नंबर सांग. शनिवार म्हणजे शिबिराचा शेवटचा दिवस. टाचणीनं माझ्या पोटावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून नंबर वाचला. त्यानं परत म्हणून दाखवला आणि मधलाच एक आकडा चुकवला.

कपाटात बाई सावरून बसल्या. मला त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या. आता बोलणार, मला वाटलं.

पण त्याआधी टाचणी बोलली. अगदी हुबेहूब इस्त्रीबाईंच्या आवाजात, तोच ठसका, तोच थंडपणा. "नाही. थांबा. पुन्हा. सावकाश. पहिल्यापासून."

त्या दूरच्या माणसानं निमूटपणे पहिल्यापासून म्हटलं. बरोबर आलं. "छान," टाचणी म्हणाली, आणि कपाटात आमच्या इस्त्रीबाईंनी तोंडात पदर कोंबून हसू दाबलं. ते फक्त मला आणि माझ्या जोडीदाराला ठाऊक आहे. बाहेर आल्या तेव्हा साडीचा चोळामोळा झाला होता आणि केसांवर कोळ्याचं जाळं. त्यांनी ते काढलंसुद्धा नाही.

"एकदाही बोलला नाहीत," सर म्हणाले.

"गरज पडली नाही," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "ते तुमचं गाणं... बेसूरच आहे. पण राहू द्या."

शनिवार आला. मुलांनी नाटुकली केली, आईवडिलांनी टाळ्या वाजवल्या, हत्ती खास आग्रहावरून पुन्हा आला आणि पुन्हा दारात अडकला. टाचणी दिवसभर माझ्या टेबलापासून हलली नाही. तिचा नाटकातला प्रवेशसुद्धा तिथूनच म्हणाली. दुपार गेली. पालक मुलांना घेऊन निघाले. खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. मावशी दोनदा म्हणाल्या, "चल गं आता, घरी येईल हं फोन." टाचणी म्हणाली, "मी हा नंबर दिलाय."

मी माझ्या आयुष्यात कितीदा वाजलोय याची गणती नाही. हॉटेलात तर कंटाळा यायचा. पण त्या दिवशी मी जेवढी वाजायची वाट बघितली तेवढी कधी नाही बघितली. स्वतःहून वाजता येत नाही, हेच आमच्या जातीचं दुखणं.

आणि मी वाजलो. असा वाजलो की खिडकीतली कबुतरं उडाली.

मोठ्या बाईंना वाटलं कपाटातून कुणीतरी खोडी काढतंय, त्या वैतागून मागे वळल्या. "सर, आज नको हो. आज तरी नको."

सर स्टुलावर उभे होते, दोन्ही हातांत कागदी पताका, तोंडात टाचण्या. त्यांनी मान हलवून सांगितलं, मी नाही. सगळ्यांनी इस्त्रीबाईंकडे बघितलं. त्या दारात खुर्ची घेऊन उभ्या होत्या. कपाटाचं दार सताड उघडं आणि आत कुणीही नव्हतं.

टाचणीनं मला उचललं. "गुड इव्हनिंग," ती इंग्रजीत म्हणाली, "इंग्लिश समर कॅम्प. मी आपली काय मदत करू शकते?"

पलीकडे वारा होता, गलका होता, आणि त्यात एक दमलेला, भांबावलेला आवाज. "हॅलो? हे कुठे लागलं? मला माझ्या मुलीशी... पिल्लू? तू आहेस का?"

टाचणीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. डोळे भरले. आता ही एक शब्द बोलू शकणार नाही, हे मला समजलं. तिलाही समजलं. पण या शिबिरात अशा वेळी काय करायचं हे शिकवलेलं होतं.

"प्लीज होल्ड द लाइन, सर," ती म्हणाली, आणि नाकातून गुणगुणायला लागली. तोच सूर. तसाच भयानक.

"अगं बोल ना," मावशी म्हणाल्या, "समुद्रावरून बोलतोय तो."

सर स्टुलावरून उतरले. पताका हातात तशाच. इस्त्रीबाई खुर्ची खाली ठेवून तिच्यावरच बसल्या आणि त्यांनी मावशीचा हात धरला. "थांबू द्या तिला, ताई," त्या म्हणाल्या. "होल्ड आहे."

टाचणी गुणगुणत राहिली, आवाज स्थिर होईपर्यंत. आणि पलीकडे, कुठल्यातरी बंदरातल्या एका फोनच्या खोक्यात, तो दमलेला माणूस आधी गोंधळला, मग हसला, मग तोही सोबत गुणगुणायला लागला. बापलेकींपैकी एकालाही सूर नाही, हे माझ्याइतकं जवळून कुणी ऐकलं नसेल.

मग ते बोलले. काय बोलले ते सांगणार नाही. हॉटेलात चारचौघांचं ऐकून पचवायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा काळा म्हातारा पडलेला असेल तर त्याची धूळ अधूनमधून पुसा. शून्यापासून सुरुवात करा, तिथे जास्त साचते. फोनवर गाणं लागलं तर लगेच ठेवून देऊ नका. कुणी अडखळत बोलत असेल तर त्याच्या तोंडातलं वाक्य काढून घेऊन सरळ करून देऊ नका. कपाटात बसून, उत्तर येत असूनही, गप्प राहणारी माणसं शिक्षकांत असतात, त्यांना ओळखायला शिका. आणि ज्यांनी तुम्ही मागितलेला हत्ती आणला, त्यांना एकदा तरी फोन करा.

माझी खरी लाइन शिबिर संपल्यावर काढायची होती. वायरमनला सांगायचं सगळेच विसरलेत. मला आठवतंय. पण मी कशाला बोलू?